कूपरेजचे साक्षीदार

रोव्हर्स-काकांना खऱ्या नावाने ओळखणारा आमच्या इमारतीत एकच माणूस उरला आहे, तो म्हणजे पोस्टमन. बाकी सगळ्यांचे ते रोव्हर्स-काका. जन्म गिरगावातला, नोकरी बँकेतली, गुडघे दोन्ही कामातून गेलेले, आणि 1923 सालच्या रोव्हर्स कप फुटबॉलच्या फायनलचे ते प्रत्यक्षदर्शी. काकांचा जन्म 1941चा. हा हिशेब एका आगाऊ पोराने त्यांच्या तोंडावर मांडला, तेव्हा काका जराही डगमगले नाहीत. “माझे वडील होते ना तिथे!” म्हणाले. लोकांना वडिलांकडून कोकणातलं घर मिळतं, काकांना ही मॅच मिळाली. आणि घरावर भाऊबंद हक्क सांगतात, तसा हिच्यावर कोणी सांगत नाही.

ही मॅच आम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे. 1911 साली आयएफए शील्डच्या फायनलमध्ये ईस्ट यॉर्कशायरच्या गोऱ्यांना 2-1 ने लोळवणारा मोहन बागान मुंबईला येतो, रोव्हर्सची फायनल गाठणारा पहिला भारतीय संघ ठरतो, आणि तिथे त्याच्यापुढे उभी राहते डरहॅम लाइट इन्फन्ट्री. स्कोअर 4-1, जिंकले गोरे. एवढा भाग इतिहासाचा. पुढचा काकांचा. त्यांच्या फायनलमध्ये पाऊस असतो आणि तो दरवर्षी वाढतो. मी लहान होतो तेव्हा भुरभुर होती. गेल्या गणपतीत गोलकीपर घोट्यापर्यंत पाण्यात होता. तिसरा गोल तर ऑफसाइडच. “वडिलांनी ओरडून सांगितलं रेफरीला!” मराठीतून सांगितलं, म्हणून रेफरीला कळलं नाही, एवढाच काय तो दोष.

गंमत अशी की काकांनी 1958ची फायनल स्वतः पाहिली आहे. मुंबईच्याच कॅल्टेक्सने कप जिंकला, ती. तिच्याबद्दल विचारा. काका थोडे घुटमळतात, मग म्हणतात, “गर्दी फार होती रे. पुढे एक उंच पारशी उभा होता.” डोळ्यांनी पाहिलेल्या मॅचमधून त्यांच्या हाती एक पारशी लागला आणि न पाहिलेलीतून चारही गोल. तरी कॅल्टेक्सवर जीव. सरकारने ती तेलकंपनी ताब्यात घेतली आणि 1978 साली ती हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. तेव्हापासून थोरल्या मुलाच्या स्कूटरमध्ये दुसऱ्या कोणाच्या पंपावरचं पेट्रोल पडलेलं नाही. एकदा स्कूटर प्रार्थना समाजापासून ढकलत न्यावी लागली. काका मागे बसूनच होते.

इंग्रजांविषयी काकांचं मत घरंदाज आहे: लुटारू, विश्वासघातकी, दुष्काळात धान्य पळवणारे. हे सगळं बोलून झालं की घोटभर पाणी पितात आणि त्याच तोंडाने म्हणतात, “पण 1891 साली पहिला कप जिंकला कोणी? वुस्टरशायर रेजिमेंट, पहिली बटालियन!” पलटणीचं नाव असं घेतात, जणू लग्नपत्रिकेत कुलदैवताखाली छापायचं आहे. पुढे वर्षानुवर्षं कप एका छावणीतून दुसऱ्या छावणीत जात राहिला, तो सगळा हिशेब त्यांच्याकडे तोंडपाठ. स्वतःच्या सुनेचं माहेर कुठलं, हे मात्र चाचपडत सांगतात.

कलकत्त्याशी वैर जुनं. “शील्ड 1893ची. आपल्याहून दोन वर्षांनी धाकटी.” मग ड्युरंड? तो 1888चा, म्हणजे थोरला. “तो सिमल्याला!” काका हात झटकतात. “थंड हवेत कोणीही पळेल. कूपरेजच्या मैदानावर घाम गाळून दाखवा म्हणावं.”

बाकी देशाचा भूगोल त्यांनी या कपावरच बसवला आहे. बंगळूर म्हणजे बेंगलोर मुस्लिम्स, 1937, कप उचलणारा पहिला भारतीय नागरी संघ, आणि 38 सालीही तोच. हैदराबाद म्हणजे प्रशिक्षक रहीमसाहेबांचे सिटी पोलिस, 1950 ते 54, सलग पाच वेळा. धाकट्याला हैदराबादची मुलगी सांगून आली, तेव्हा बाकीचे पत्रिका बघत होते आणि काका मुलीच्या वडिलांना रहीमसाहेबांच्या पासिंगचं मर्म समजावत होते. वडील बिचारे सिंचन खात्यातले. मान डोलवत राहिले. सोयरीक जमली, काका ते श्रेय अजून पोलिसांना देतात.

त्यांचं खरं दुःख म्हणजे मुंबईला असलेलं क्रिकेटचं वेड. वर्ल्ड कपाच्या फायनलला सगळी इमारत एका टीव्हीपुढे कोंबलेली असताना काका दारात उभे राहून विचारतात, “कोण खेळतंय?” कोणी सांगितलं की, “अजून संपली नाही? आमची नव्वद मिनिटांत संपायची.” त्यांची 1923ची नव्वद मिनिटं मात्र चहा धरून अडीच तास चालतात.

2001 नंतर रोव्हर्स झालाच नाही. आम्हांला वाटलं, काका खचतील. उलट त्यांना धार चढली. नवे सामने नाहीत, त्यामुळे पाठांतर पुरं झालं, आणि चूक काढायला कूपरेजवरचे समकालीनही एकेक करून कमी झाले.

परवा मात्र बातमी आली ती त्यांच्या थोरल्या नातवाकडून. तो शिकायला गेला, तो नेमका डरहॅमला. निघताना पाया पडला तर काका पुटपुटले, “त्या गावाने चार मारलेत आपल्याला, लक्षात ठेव.” नातवाने तिथून व्हिडिओ कॉलवर भलंमोठं कॅथेड्रल दाखवलं. काकांनी ते बाजूला सारलं. “पलटण कुठाय?”

पोराने चौकशी करून सांगितलं: पलटण 1968 सालीच दुसऱ्या पलटणींत विलीन झाली. तिचं म्युझियम होतं, तेही 2016 साली बंद पडलं.

काका खुर्चीत सरळ बसले. “आणि बागान?”

“बागान खेळतंय की, आजोबा.”

“मग झालं तर!” काकांनी फोन आमच्याकडे वळवला, पुराव्यासारखा. “एक टीम मैदान सोडून गेली. वॉकओव्हर! वडील म्हणालेच होते, तिसरा गोल ऑफसाइड होता.”