पाहुणा गेला की ओटा फोडा

“काय गं, काल दीडपर्यंत दिवा तुझ्या खिडकीत?” काकूंनी जास्वंदीची फांदी आपल्याकडे ओढली. (झाड आमचं, फुलं त्यांची, तह जुना आहे.)

“इंटिग्रेशन टेस्ट हो. एका फेरीला चाळीस मिनिटं. कुणी चालवतच नाही, नि बिल्ड लाल झालं की शिमगा माझ्या नावानं.”

“आमचं इयर-एंडिंग रात्रभर चालायचं, पण वर्षातून एकदाच!” काकू बँकेच्या ईडीपीतून निवृत्त. कोबोलवाल्या. त्यांना फार फोडून सांगावं लागत नाही.

“दोन टेस्टचं कॉन्फिगरेशन तंतोतंत सारखं असेल, तर स्प्रिंग उभा केलेला कॉन्टेक्स्टच पुन्हा वापरतो. आमच्याकडे ज्यानं त्यानं आपापलं मॉकबीन लावलेलं. एवढ्याशा फरकानं अख्खं ॲप्लिकेशन पहिल्यापासून उठतं. वर कुणीतरी बेस क्लासवर डर्टीजकॉन्टेक्स्ट ठोकलेलं. क्लास संपला, कॉन्टेक्स्ट फेका.”

“पाहुणा गेला की ओटा फोडा! कुणी गं?”

“असेल कुणीतरी. डेटाबेसचं तर ऐकाच. खरा पोस्टग्रेस, टेस्टला मात्र मेमरीतला एचटू. ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट’ त्याला झेपेना, म्हणून टेस्टपुरती क्वेरीच वेगळी लिहिलेली.”

“म्हणजे परीक्षेला डमी बसवलेला.”

“अगदी! आता टेस्टकंटेनर्समधून खराच पोस्टग्रेस, सगळ्यांत मिळून एक. आणि २०२३च्या स्प्रिंग बूट ३.१ पासून सर्व्हिसकनेक्शन हे एक अ‍ॅनोटेशन लावलं की यूआरएल, पासवर्ड त्याचं ते जुळवतं. आमच्या प्रत्येक फाइलमधल्या त्या सात-आठ ओळी गेल्या.”

“पण अख्खं घर उठवायचं कशाला?”

“तेच! स्प्रिंग मॉड्युलिथनं एकटं मॉड्यूल उठवता येतं. बिलिंगला म्हटलं, ऊठ. उठेचना! आतून स्टॉकचं बीन हवं होतं त्याला.”

काकू कुंपणाला टेकल्याच. “बिलिंगचं आणि स्टॉकचं साटंलोटं?”

“मागच्या दारानं. आर्किटेक्चरच्या चित्रात दोघांची तोंडओळखसुद्धा नाही. आता इव्हेंट धाडायचा, उंबरा ओलांडायचा नाही. रात्री दीड वाजला तो त्यातच.”

“नि वेळ?”

“सहा मिनिटं.”

काकूंनी ओंजळीतली फुलं मोजली, एक कळी परत माझ्या हातावर ठेवली. “ते डर्टीजवालं कुणाचं? गिट ब्लेम का काय म्हणतेस ते लावलंस ना?”

“काकू, त्या वरच्या फांदीची राहिली बघा. वाकवू का?”

“वाकव. पण नाव सांग.”