काळजीवाहू मैदान

पहाटे पाचला देवळ्याहून भावडबारीकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभं राहून बघा. कांद्याच्या पिकअप सोडल्या तर दोनच प्रकारची वाहतूक दिसेल. एक, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. कानात हेडफोन, अंगात बनियन, एकेकटी, मोकाट. दुसरी, त्याच भरतीची तयारी करणारी पोरगी. ती एकटी नसते. तिच्या मागून पहिल्या गिअरमध्ये घरघरत येते तिच्या पप्पांची मोटारसायकल. पप्पांच्या कानाला मफलर, डोळ्यांत झोप आणि हेडलाइट पोरीच्या पाठीवर.

भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. गुण दोघांना २०. अंतर निम्मं, पण मुलीच्या पळण्याला पेट्रोल लागतं. हे कुठल्याच जाहिरातीत छापलेलं नसतं. बरं, ही पोरगी निवडली गेली तर वर्षा-दोन वर्षांत रात्रपाळीला नाक्यावर उभी राहणार आणि आपल्या सगळ्यांचं रक्षण करणार. तोवर तिचं रक्षण हिरो होंडाच्या दिव्याकडे.

आमच्या या कसमादे पट्ट्यात कांद्याखालोखाल कुठलं पीक जोमात येत असेल तर ते पोरींच्या काळजीचं. बारमाही. त्याला ना पाऊस लागतो, ना चाळ, ना हमीभाव. टपरीवरच्या आमच्या नानांचं सोपं सूत्र आहे, "पयू दे ना पोरले, पन उजेडमा पयू दे!" मान्य. पण उजेडात शाळा असते. शाळा सुटल्यावर मैदानावर पोरांचं क्रिकेट असतं, आणि ते काही कुणाला हटकून उठवता येत नाही. पोरं उठतात तेव्हा अंधार पडलेला असतो. अंधारात पुन्हा नाना.

हेच नाना २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री टीव्हीसमोरून हलले नव्हते. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर पोरींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला तेव्हा मध्यरात्र झाली होती. पाच बळी घेणाऱ्या दीप्ती शर्माला कुणी विचारलं नाही, की बाई, एवढ्या रात्री घराबाहेर कशी? शफाली वर्माने ८७ धावा केल्या त्या फ्लडलाइटच्या उजेडात. म्हणजे दिवे लावले की पोरी रात्रीही खेळतात, एवढं त्या दिवशी सिद्ध झालं. आपण त्यातून घेतलं काय? फटाके.

आणि त्याच स्पर्धेतली दुसरी गोष्ट. २३ ऑक्टोबरला इंदूरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या दोन खेळाडू हॉटेलमधून चालत कॅफेकडे निघाल्या आणि मोटारसायकलवरून आलेल्या एकाने त्यांची छेड काढली. माणूस पकडला गेला, हे ठीकच. पण मध्य प्रदेशातल्या एका मंत्रिमहोदयांनी खेळाडूंचीही चूक शोधून काढली. बाहेर पडताना सांगून जायला हवं होतं म्हणे. विश्वचषक खेळायला आलेली ऑस्ट्रेलियाची खेळाडू आणि देवळ्यातली आठवीतली खो-खोपटू, दोघींना सूचना एकच: घरात सांगून जा. आमच्या नानांचं सूत्र एवढं आंतरराष्ट्रीय आहे याची त्यांनाही कल्पना नसावी.

काळजी करणारी माणसं वाईट नसतात, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर त्या मोटारसायकलवाल्या पप्पांना वाटायचं की तोफ त्यांच्यावरच आहे. ते बिचारे झोपमोड करून जे करतायत ते खरं तर ग्रामपंचायतीने, नगरपंचायतीने, शाळेने करायचं होतं. माझा राग आहे तो काळजीला व्यवस्था म्हणून खपवणाऱ्यांवर. नवं सरकार येईपर्यंतचं काळजीवाहू सरकार असतं ना, मोठा निर्णय घ्यायचा नाही, नुसते दिवस ढकलायचे? तशी आपली मैदानं काळजीवाहू आहेत. मुलींच्या सुरक्षेचा विषय निघाला, की ‘लवकर घरी जा’ एवढाच ठराव मंजूर होतो.

व्यवस्था नाही असंही नाही. कागदावर ती इतकी सुंदर आहे की फ्रेम करून लावावी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घ्या. ‘कामाची जागा’ म्हणजे काय, हे सांगताना त्यात क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल आणि स्पर्धेचं ठिकाण हे सगळं नावानिशी घातलेलं आहे. निवासी असो वा नसो. म्हणजे शाळेमागे चुना टाकून आखलेलं कबड्डीचं मैदानही स्पर्धेच्या दिवशी त्यात आलं. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष बाईच हवी, निम्म्या सदस्य बाया हव्यात, एक जण बाहेरचा हवा. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. समिती नेमली नाही तर ५० हजारांपर्यंत दंड. शाळांसाठी राज्य सरकारने २०२२ मध्ये ‘सखी सावित्री समिती’ काढली ती वेगळीच. नाव ऐकून मंगळागौरीचं मंडळ वाटतं, पण काम तक्रारी ऐकण्याचं आहे. ती किती शाळांत कागदाबाहेर आलेली नाही, ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचारानंतर सगळ्यांना कळलं.

आता कुठल्याही मैदानावर जा आणि पाट्या वाचा. कमानीवर देणगीदाराच्या आजोबांचं नाव. भिंतीवर ‘येथे थुंकू नये’. स्वच्छतागृहाच्या दारावर कुलूप, त्याची किल्ली शिपायाकडे, शिपाई लग्नाला. तक्रार कुणाकडे करायची, त्या बाईंचं नाव आणि फोन नंबर मात्र सापडला तर मला कळवा, मी सदरातून जाहीर सत्कार करीन. तक्रारीला कायद्याने तीन महिन्यांची मुदत आहे. समिती कुठे बसते हे शोधण्यातच ती संपावी, अशी एकूण रचना.

आणि सापडलीच तर? कुस्ती महासंघाचं उदाहरण ताजं आहे. २०२३ च्या जानेवारीत विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया जंतरमंतरवर बसले. तेव्हाच्या अध्यक्षांवर आरोप होते. त्यांचं खरं-खोटं न्यायालय करेल. पण तेव्हा एक बारीकसा तपशील बाहेर आला आणि तो मला अजून सोडत नाही. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी महासंघाची पाच जणांची एक समिती होती. प्रमुख पुरुष, महासंघाचेच सरचिटणीस. पाचांत बाई एकच. ती बाई कोण? साक्षी मलिक. रिओ ऑलिंपिकचं कांस्य गळ्यात असलेली, तक्रारी ऐकून घेण्यासाठी नेमलेली एकुलती एक बाई स्वतःच तक्रार घेऊन फुटपाथवर. त्या डिसेंबरात तिने कुस्तीचे बूट पत्रकार परिषदेच्या टेबलावर ठेवले आणि उठून गेली. दिल्लीत ही गत, तर जिल्ह्याच्या संघटनेत समिती म्हणजे काय असेल? बहुधा सचिवांच्या सौभाग्यवतींची सही.

आपल्याकडे हा प्रश्न त्याहून आधीच मिटवला जातो, बैठकीत. "बदनामी नको, सरांना समज देऊ." हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की ते संघटनेच्या घटनेतच असावं. खेळाडू अठराच्या आतली असेल, आणि शाळा-तालुक्याच्या खेळात असतेच, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे. म्हणजे समज देणाऱ्या मंडळींनी आधी स्वतःची समज तपासावी. शेवटी होतं काय? सर राहतात, पोरगी खेळ सोडते. विचारलं तर घरचे म्हणतात, दहावीचं वर्ष आहे.

बरोबरीच्या गोष्टी तर आपण मोठ्या जोरात करतो. २०२२ मध्ये क्रिकेट मंडळाने सामन्याचं मानधन सारखं केलं: कसोटीला १५ लाख, मग पुरुष असो की बाई. टाळ्या. पण २०२४-२५ च्या वार्षिक करारात पुरुषांची सगळ्यात वरची प्रत ७ कोटींची, बायकांची ५० लाखांची. देवळ्याच्या माणसाला हे समजवावं लागत नाही. बाजार एक, पुकारा एक, वजनकाटा एक, फक्त आपला कांद्याचा ढीग आधीच बारीक गोल्टी म्हणून बाजूला काढलेला. कुस्तीतही तेच: पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून, बायकांची पहिली २०२३ मध्ये सांगलीत. प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. मधली ६२ वर्षं बहुतेक गदा घडवायला गेली.

ज्यांनी ही सगळी काळजी झुगारून दाखवली त्या काही परक्या नाहीत. भावडबारी उतरून पलीकडे गेलं की चांदवड तालुक्यात वडाळीभोई. संजीवनी जाधव तिथली. २०१७ ला भुवनेश्वरमध्ये आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत पाच हजार मीटरचं कांस्य. आणि त्र्यंबकेश्वरच्या डोंगरातली कविता राऊत, सावरपाडा एक्सप्रेस. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलात दहा हजार मीटरचं कांस्य, त्याच वर्षी आशियाई खेळांत रौप्य, पुढे अर्जुन पुरस्कार, मग रिओची मॅरेथॉन. राज्य सरकारच्या नियुक्तीसाठी आपण वर्षानुवर्षं थांबलोय, हे तिला २०२४ मध्ये जाहीरपणे सांगावं लागलं. पोरगी एक्सप्रेस, फाइल पॅसेंजर. प्रत्येक टेबलावर क्रॉसिंग.

मागणं फार मोठं नाही. मैदानावर चार दिव्यांचे खांब. उघडं स्वच्छतागृह. मुलींच्या संघासोबत सरांबरोबर एक बाई. संध्याकाळचा तासभर अर्धं मैदान, आणि सामना लांबला तर घरी सोडणारी गाडी. यातली एकही वस्तू काळजीच्या सदरात मोडत नाही. सगळ्या अंदाजपत्रकाच्या सदरात मोडतात. म्हणूनच बहुधा सगळ्यांना काळजी जास्त परवडते.

परवा पहाटे त्याच रस्त्यावर चालायला गेलो होतो. तीच पोरगी, तीच मोटारसायकल. पोरगी मध्येच थांबली, कमरेवर हात ठेवून मागे वळली. मला वाटलं दमली. ती म्हणाली, "पप्पा, लाइट बंद करा ना. माझीच सावली पुढं पडते, खड्डा दिसत नाही."