भाऊंची वीत

लालबागच्या नाक्यावर कुणाची नवी गाडी येऊन थांबली की लोक आधी रंग बघतात, मग किंमत विचारतात आणि शेवटी पेढे मागतात. भाऊ गुडघ्यावर बसतात. चपला बाजूला काढून, एक हात रस्त्यावर टेकून गाडीच्या पोटाखाली मान घालतात आणि दुसऱ्या हाताची वीत उभी धरतात. अंगठा जमिनीला, करंगळी लोखंडाकडे. वीत पुरी ताणायच्या आतच करंगळी टेकली तर भाऊ उठून हात झटकतात आणि मालकाला म्हणतात, "चालायचंच. सांभाळून चालवा." मयताला येऊन गेलेला माणूस निघताना ज्या आवाजात बोलतो, त्याच आवाजात. मालकाने नुकताच नारळ फोडलेला असतो.

महिंद्राने थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांच्यातलं अंतर, २२६ मिलिमीटर दिला आहे आणि भाऊंची वीतही, त्यांच्या म्हणण्यानुसार, तेवढीच भरते. या योगायोगाला ते योगायोग म्हणत नाहीत. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार बाजारात आली आणि भाऊंनी प्रॉव्हिडंट फंडाला हात घातला. वहिनींना घरात वॉशिंग मशीन हवं होतं. त्याला जागा नाही, असं भाऊंचं मत पडलं.

भाऊंसारखे ठाकूरद्वारपासून दादरपर्यंत दर दोन गल्ल्यांमागे एक सापडतात. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बँकेत नाहीतर बंदरात, सकाळचा प्रवास लोकलने. जिथे रस्ता नाही तिथे जाणारी गाडी यांच्याकडे असते आणि जिथे रस्त्याशिवाय दुसरं काही नाही तिथे हे राहतात. अर्थात काँक्रिटीकरणासाठी गल्ली दोन्ही बाजूंनी खणून ठेवली की रस्ताही नसतो. तेव्हा भाऊंना अंगात आल्यासारखं होतं. फोर बाय फोरची लो रेंज टाकून ते खडीच्या ढिगाऱ्यावरून दूध आणायला जातात. इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोडिंग शिकवणारी अ‍ॅकॅडमी आहे, तिथे एकदा जाऊन या, असं कुणीतरी सुचवलं होतं. भाऊ म्हणाले, "त्यांनाच पाठव इकडे. मे महिन्यात."

जीपवर आपला वडिलोपार्जित हक्क आहे, अशी भाऊंची समजूत आहे आणि ती अगदीच निराधार नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्राने विलीज जीप जोडायला घेतली ती माझगावला, म्हणजे लालबागहून चालत जाण्याच्या अंतरावर. पुढे कारखाने कांदिवलीला, नाशिकला गेले. थार नाशिकला बनते, हे भाऊ मुलगी सासरी दिल्याच्या सुरात सांगतात.

त्यांचे प्रतिस्पर्धी शिवाजी पार्काकडचे जिम्नीवाले काका. दादरचा माणूस भांडतानाही अहो-जाहो सोडत नाही. काकांनी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तक्ते करून ठेवले आहेत. जिप्सी १९८५ साली आली, लष्कराने ती वर्षानुवर्षं वापरली आणि जिम्नी त्याच घराण्यातली, ही त्यांची प्रस्तावना. जून २०२३ मध्ये जिम्नी विक्रीला आली तेव्हा ती घ्यायची की नाही याचा निर्णय त्यांनी फोल्डर भरेपर्यंत लांबवला होता. क्लिअरन्स २१० मिलिमीटर, थारपेक्षा १६ ने कमी. भाऊ हे १६ मिलिमीटर दर रविवारी सकाळी परळच्या टपरीवर टेबलावर ठेवतात आणि मग चहा मागवतात.

एका रविवारी काकांनी फोल्डरमधून लाकडी पट्टी काढली. दोन कटिंगचे ग्लास समोर मांडून त्यांच्यावर ती आडवी ठेवली आणि मध्ये बोट दाबून धरलं.

"अहो भाऊ, हा माझा सॉलिड अ‍ॅक्सल. हे चाक दगडावर चढलं." काकांनी पट्टीचं एक टोक वर उचललं. "आता पलीकडचं बघा. आपोआप खाली दाबलं गेलं की नाही? म्हणजे ते जमीन सोडत नाही. माझ्याकडे पुढेही हेच, मागेही हेच. तुम्हाला मागे आहे, पुढे नाही."

"पुढे इंडिपेंडंट आहे माझ्या. एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्याला पत्ता लागत नाही."

"तेच म्हणतो मी. शेजाऱ्याला पत्ता लागत नाही ही टॉवरची रीत झाली. माझं चाळीसारखं आहे. एका खोलीत धक्का बसला की दुसरीतलं भांडं वाजतं."

एवढ्यात पलीकडच्या टोकाखालचा ग्लास कलंडला आणि चहा फोल्डरवर सांडला. काका जन्मापासून ब्लॉकमध्ये राहिलेले, भाऊ जन्मापासून चाळीत. पण त्या दिवशी काका चाळीच्या बाजूने आणि भाऊ टॉवरच्या बाजूने तासभर भांडले. खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं. दगडधोंड्यांत काकांची पट्टी सरस आणि परळच्या खड्ड्यांत भाऊंचं पुढचं सस्पेन्शन कमरेला बरं. पण मध्ये पडणाऱ्याला दोन्हीकडून ऐकावं लागतं, म्हणून मी बिस्कीट मागवलं.

टायरवरून तर दोघे हमरीतुमरीवर येतात. जिम्नीचा टायर १९५ चा, थारचा २५५ चा. "सायकलचे काढून लावलेत काय?" असं भाऊ विचारतात. बारीक टायर चिखल कापत खालच्या घट्ट जमिनीला जाऊन भिडतो, रुंद टायर वर तरंगतो, असं काका समजावतात. वाळूत तरंगणाराच वाचतो, असं भाऊंचं उत्तर. या दोघांनी पाहिलेली वाळू गिरगाव चौपाटीची. तिथे विसर्जनाला येणारी वाहनं रुतू नयेत म्हणून महापालिका लोखंडी प्लेटा अंथरते, त्यामुळे रुतण्याची तीही संधी गेलेली.

तरी भाऊंनी मागच्या वर्षी एक नंबर मोठे मड टायर बसवले. गाडी आणखी उंच दिसू लागली, पण चाकाच्या वरच्या पोकळीत जागा उरली नाही. स्टिअरिंग पूर्ण कापलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासतो आणि घर्र असा आवाज येतो. लालबागच्या गल्लीत प्रत्येक वळण पूर्ण कापूनच घ्यावं लागतं. वहिनी तिसऱ्या मजल्यावर तो आवाज ऐकून भाताचा कुकर लावतात.

गिरगावात तिसरे एक आहेत, ते गुरखाच्या बाजूचे. गुरखा बनवणारी फोर्स मोटर्स म्हणजे पूर्वीची बजाज टेम्पो, पुण्याची, हा त्यांच्या अभिमानाचा भाग. २०२४ च्या गुरखाचा क्लिअरन्स २३३, पाण्यातून जायची खोली ७००, पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलला हाताने लावायचं डिफ लॉक आणि हवा वरून ओढणारा स्नॉर्कल कंपनीकडूनच. हे सगळं ते एका दमात म्हणतात. त्यांच्याकडे गुरखा नाही. मुळात कुठलीच गाडी नाही. त्यामुळे वादात त्यांना कुणी हरवू शकत नाही.

पाण्याचा विषय निघाला की २६ जुलै २००५ येतोच. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. "तेव्हा थार असती तर मी तुंबलेल्या हिंदमाताहून सरळ घरी आलो असतो," असं भाऊ म्हणतात. पहिली थारसुद्धा २०१० ची, पण तेवढं चालतं. "तुमची ६५० ला बुडते आणि पाणी होतं ९४४," गिरगावकर सुनावतात. पावसाचे मिलिमीटर वेगळे आणि साचलेल्या पाण्याचे वेगळे. पण आकड्यापुढे मिलिमीटर दिसला की या मंडळींना वजाबाकी केल्याशिवाय राहवत नाही.

पुढे महापालिकेने हिंदमाता आणि परळचे उड्डाणपूल उंच रस्त्याने जोडले, मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या. हिंदमाताचं पाणी पळालं आणि भाऊंच्या तोंडचंही. जोराचा पाऊस लागला की ते अजूनही थार काढून तिकडे फेरी मारतात आणि घोट्याएवढं पाणी पाहून परत येतात.

मध्यंतरी पाच दारांची थार रॉक्स आली तेव्हा वहिनींनी पहिल्यांदाच या विषयात लक्ष घातलं. मागच्या सीटवर चढताना त्यांना पुढची सीट दुमडून, साडी सावरून आत घुसावं लागतं. भाऊंनी नकार दिला. कारण तांत्रिक होतं. दोन चाकांमधलं अंतर वाढलं की उंचवट्यावर गाडीचं पोट लवकर टेकतं, थारचा २७ अंशांचा कोन रॉक्सला २३.९ वर येतो. "पोट टेकलं की संपलं," भाऊ म्हणाले. वहिनींनी त्यांच्या शर्टाच्या बटणांकडे पाहिलं आणि भाजी निवडायला घेतली.

गणपतीला मात्र भाऊ कोकण रेल्वेने जातात. मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चाललेलं, म्हणजे थारसाठी याहून योग्य वाट नाही. पण वहिनींची कंबर एकदाच त्या वाटेने गेली आणि परत येताना त्यांनी तिकिटं स्वतः काढली. गावात घराच्या पायरीपर्यंत आता सिमेंटचा रस्ता आहे. एसटी दारात थांबते.

सध्या भाऊ चिंतेत आहेत. चाळ पुनर्विकासाला गेली आणि डेव्हलपरने नव्या इमारतीचा नकाशा गणेशोत्सव मंडळाच्या कचेरीत लावला. गाड्या यंत्राने एकावर एक चढवायच्या. भाऊंच्या वाट्याला आलेल्या ट्रेची उंची थारपेक्षा तीन बोटं कमी. आयुष्यभर गाडी खालून मोजलेल्या माणसाने पहिल्यांदाच ती वरून मोजली. १८४४ मिलिमीटर, त्यात मड टायरची भर वेगळी. त्याच संध्याकाळी दादरहून फोन आला. "अहो भाऊ, सहज सांगतो. माझी १७२०. आमच्याकडे बसते हो." भाऊंनी "नेटवर्क नाही" असं म्हणून फोन ठेवला.

मड टायर उतरवून जुने चढवले. एक बोट कमी झालं. उरलेल्या दोन बोटांसाठी भाऊ रविवारी पंक्चरवाल्याकडे गेले. वाळूत जाताना टायरची हवा कमी करतात, हे ज्ञान त्यांच्याकडे होतंच. पोराने पाइप हातात घेऊन विचारलं, "किती भरू?"

"भरू नको, काढ."

"पंधरावर आणली, भाऊ. बघा, अजून काढली तर रिम रस्त्याला लागेल."

"लागू दे," भाऊ म्हणाले. "गाडी कुठे जायचीय?"