विस्तवाविना कारभार

आगाशीच्या कोणत्याही आळीत मे महिन्याच्या सुट्टीत दोन गोष्टी हटकून आढळतात : एक, मुंबईहून आजोळी दाखल झालेली नातवंडांची फौज, आणि दुसरी, त्या फौजेच्या पोषणाचा मक्ता आपण होऊन शिरावर घेतलेले, मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आजोबा. उभी हयात सातबारा आणि फेरफार यांत खर्ची पडल्यामुळे स्वयंपाकघराशी ज्यांचा संबंध पाटावर बसण्यापुरताच आला, तेच हे गृहस्थ उतारवयात पाकशास्त्राकडे वळतात. मात्र विस्तव, कढई व फोडणी ही खाती आजीच्या ताब्यात असून तेथे ढवळाढवळ केल्यास आपल्या दोन वेळच्या जेवणास बाध येईल, हे ओळखून ते ‘न शिजविलेली भाजीच मुलांस हितकारक’ असा सिद्धान्त मोठ्या मुत्सद्देगिरीने प्रस्थापित करतात.

कारभार अर्थातच शिस्तीचा. फडक्यात बांधलेल्या मुगांच्या मोडांची पाहणी वरचेवर होते; कच्चे वाल पोटास बाधतात, म्हणून त्यांना सरहद्दीवरूनच परत धाडले जाते. काकडीचे टोक कापून ते कापल्या जागी फेस येईतो घासण्याचा विधी आजोबा स्वहस्ते करतात, आणि तरीही प्रत्येक काकडी चाखून, कडू नसल्याचा दाखला दिल्याखेरीज तिची एकही चकती ताटात रुजू होत नाही. त्यामुळे चाखण्यातच निम्मा माल खर्ची पडतो. उरलेल्या चकत्यांवर गाजराचा कीस, मूग, ओले खोबरे व दाण्याचे कूट चढते. मीठ मात्र अगदी शेवटी, कारण आधी घातल्यास पाणी सुटते. परंतु या विषयावरील त्यांचे विवेचन इतके सांगोपांग असते, की ते संपेतो काकडीला मिठाविनाच पाणी सुटते.

वास्तविक, ज्या वसई तालुक्याच्या वाड्यांतली भाजी पहाटेच्या लोकलने दादर गाठते, आणि ज्या गावाने राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून सुकेळ्यांची कीर्ती मिळविली, तेथे मुलांना चुलीविना खायला शिकविणे म्हणजे ब्रह्मदेवाला वेद पढविणेच होय. एखाद्या नातीने सुकेळी मागितलीच, तर ‘‘केळे हे फळ, आपला विषय भाजी,’’ असा निकाल मिळतो. ‘‘पण आजोबा, काकडीसुद्धा फळच ना? आम्हांला शाळेत शिकवलंय!’’ या अपिलावर प्रकरण विचाराधीन ठेवण्यात येते.

मुलांचे वैर भाजीशी नसतेच. ते असते मांडलेल्या ताटाशी. वाडीत मोडून सदऱ्याला पुसलेली काकडी जी पोरे देठापर्यंत फस्त करतात, तीच सजविलेल्या चकतीपुढे पोटदुखीचा अर्ज करतात. पण शेतसाऱ्याच्या वसुलीत मुरलेल्या आजोबांना रयतेचे मन कळत नाही, असे कोण म्हणेल? ‘‘मी येईपर्यंत ताटाला कुणीही हात लावायचा नाही!’’ असे कडक फर्मान सोडून ते चष्मा शोधण्यासाठी माजघरात जातात, आणि ताट रिकामे होईतो बाहेर येत नाहीत. चष्मा नाकावरच असतो.