शेवटची एसटी गेल्यावर

अमेरिकेत जॅमबँड नावाची वाद्यवृंदांची एक जमात आहे. एकच गाणं अर्धा अर्धा तास घोळवायचं, उद्या तेच गाणं भलत्याच वाटेने न्यायचं आणि आज काय वाजवणार याचा पत्ता शेवटपर्यंत लागू द्यायचा नाही, हा त्यांचा कुळाचार. 1965 साली कॅलिफोर्नियात निघालेला ग्रेटफुल डेड हा या जमातीचा मूळ पुरुष, तर 1983 साली व्हरमाँटमध्ये निघालेला फिश हा कर्ता वारस. यांचे चाहते बँडमागून गावोगाव हिंडतात, माळावर तंबू ठोकतात आणि कोणत्या रात्री कोणतं गाणं किती मिनिटं चाललं यावर हमरीतुमरीवर येतात. पुण्या-मुंबईतही असे चाहते आता भेटतात आणि त्यांची हळहळ एकच असते, की हे सगळं आपल्याकडे नाही. माझं म्हणणं असं की ते आहे, फक्त त्यासाठी वणीच्या एसटी स्टँडवर उतरावं लागतं. आणि त्यापुढचं म्हणणं, जे या चाहत्यांना मुळीच आवडणार नाही, ते असं की रात्रभर लांबणाऱ्या संगीताचा उगम वाजवणाऱ्याच्या प्रतिभेत थोडा आणि ऐकणाऱ्याच्या परतीच्या गाडीत फार. गाडी असली की मैफल आटोपते. गाडी नसली की मैफल रंगते. या कसोटीवर यवतमाळ जिल्ह्यातलं मुकुटबन हे जगातल्या उत्तम संगीतस्थळांपैकी एक ठरायला हरकत नाही.

तिथे पोचण्याचा विधी समजून घेतला तर निम्मा मुद्दा तिथेच सिद्ध होतो. नागपूर किंवा चंद्रपूर गाठायचं, तिथून वणी, आणि वणीहून दक्षिणेला झरी जामणी तालुक्यात मुकुटबन. वणीचा मुलूख कोळशाचा आणि मुकुटबनचा चुनखडीचा, त्यामुळे प्रवासी आधी काळा होतो आणि मग पांढरा. 2022 साली इथे वर्षाला 39 लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला. तेव्हापासून बल्करच्या मागे धूळ खात जाणं हा प्रवासाचा कायमचा भाग झाला आहे. एसटी चुकली तर काळीपिवळी आहेच. तिच्यात नऊ माणसांच्या जागेत पंधरावा चढतो तेव्हा चालक मागे न बघता "सरका न जी" म्हणतो, आणि आश्चर्य म्हणजे सगळे सरकतात. माजरी-आदिलाबाद रेल्वेमार्गही याच बाजूने जातो, पण त्यावरच्या गाड्या इतक्या मोजक्या की त्यांच्या वेळेप्रमाणे माणसाने लग्नकार्य ठरवावं, मैफल नव्हे. चाहत्याने पाठीवर तंबू आणला असेल तर तो उघडू नये, हा कळकळीचा सल्ला. ज्या भागात जमिनीखाली कोळसा आणि चुनखडी आहे तिथे अनोळखी माणूस शिवारात खुंट्या ठोकू लागला की लोक त्याला रसिक समजत नाहीत. "साहेब, खाण निघून रायली का इथं?" हा पहिला प्रश्न येतो आणि दुसरा मोबदल्याचा.

आता संगीताकडे वळू. मुकुटबनपासून तेलंगणाची हद्द हाकेच्या अंतरावर, आणि पैनगंगेच्या दोन्ही काठांवर गोंड आणि कोलामांच्या वस्त्या. दिवाळीच्या दिवसांत या मुलखात दंडारी निघते. एका गावचं पथक दुसऱ्या गावाला पाहुणं जातं, यजमान गाव त्याला जेवू घालतं आणि मग रात्र काढली जाते. डोक्यावर मोरपिसांचा भरदार टोप, अंगाला राख, हातात काठी अशा थाटातले घुसाडी त्यात नाचतात. पलीकडे मार्लवाईच्या कनक राजू यांना या घुसाडी नृत्यासाठी 2021 साली पद्मश्री मिळाली. बँडने गावोगाव दौरा करायचा आणि दर मुक्कामी सगळं नव्याने वाजवायचं, ही फिशची पद्धत म्हणून जी सांगितली जाते ती इथे फिशच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. फरक एवढाच की इथे कलावंतांच्या मागे श्रोते हिंडत नाहीत, कलावंतच श्रोत्यांच्या दारात येतात. खर्चाच्या दृष्टीने ही व्यवस्था चाहत्यांच्या संघटनेने अभ्यासण्यासारखी आहे.

या रात्रीतली सगळ्यात पाहण्यासारखी जागा रिंगणात नसते, शेकोटीपाशी असते. दिवाळीनंतर नदीकाठी दव पडतं आणि दवाने चामडं सैल होतं. मध्यरात्रीच्या पुढेमागे डफ घुम्या आवाजात "थप" बोलू लागतो, तसा वाजवणारा तालातून अलगद बाहेर पडतो. गेल्या हंगामात उपटून रचलेल्या पऱ्हाट्यांची एक मोळी आगीत सारतो, डफाचं तोंड जाळाकडे करून गोल गोल फिरवतो. मध्येच टिचकी मारून कान देतो. पुन्हा धरतो. जाळाच्या फार जवळ गेला तर चामडं फाटणार, फार लांब राहिला तर रात्र इथेच सरणार. पुन्हा टिचकी. "टण" असा कोरा आवाज निघाला की तो परत येतो, पण तोवर बाकीच्यांनी ताल त्याच्याशिवाय चालवून कुठल्याकुठे नेलेला असतो. आता परत आत शिरायचं तर तिथूनच शिरावं लागतं. म्हणजे सूचना, तालीम, इशारा काही नसताना दर दीड-दोन तासांनी एक वादक गळतो आणि नव्या जागी येऊन मिळतो, आणि हे घडवून आणतं कोण, तर दव. अमेरिकन बँडला हाच परिणाम साधायला चार माणसांची वीस वर्षांची सोबत लागते.

परतीच्या गाडीचा सिद्धांत आदिवासी पाड्यावरच लागू पडतो असं कोणी म्हणेल, म्हणून थेट न्यूयॉर्क राज्यात जाऊ. ऑगस्ट 1969 मध्ये बेथेल गावाजवळच्या एका गवळ्याच्या शेतात वुडस्टॉक संगीत महोत्सव भरला. रस्ते असे तुंबले की कलावंतांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. पहिला गायक रिची हॅवन्स आपली गाणी म्हणून मोकळा झाला, पण पुढचे लोक रस्त्यात अडकलेले, म्हणून आयोजक त्याला पुन्हा पुन्हा मंचावर ढकलत राहिले. गाणी संपली तेव्हा त्याने एका जुन्या भजनाच्या आधाराने तिथल्या तिथे जे रचलं ते त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं ठरलं. त्या आशुरचनेचं श्रेय वाहतूक खात्याला द्यायला हवं. त्याच्यानंतर स्वामी सच्चिदानंदांनी प्रवचन केलं, म्हणजे गर्दी थोपवायला अमेरिकेतही शेवटी बुवाच लागले. पुढे 28 जुलै 1973 ला वॉटकिन्स ग्लेनच्या मैफलीला सहा लाखांच्या आसपास माणसं जमली. त्यातली पुष्कळशी आदल्या दिवशीच येऊन बसलेली होती. ध्वनियंत्रणा तपासायला मंचावर चढलेल्या ग्रेटफुल डेडला ती तपासणीच दोन भागांच्या मैफलीइतकी वाजवावी लागली, आणि दर्दी लोक आजही मुख्य कार्यक्रमापेक्षा तिचंच कौतुक करतात. आणि फिशची सर्वात थोर मानली जाणारी मैफल? 31 डिसेंबर 1999 च्या मध्यरात्री सुरू होऊन सूर्योदयाला संपली. कुठे, तर फ्लोरिडाच्या दलदलीत सेमिनोल आदिवासींच्या राखीव भूमीवर. मध्यरात्री तिथून उठून जाणार कुठे आणि कसे?

आपल्याकडचे दाखले याहून बोलके आहेत. भीमसेन जोशींनी 1953 साली गुरूच्या पुण्यतिथीनिमित्त सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव अनेक वर्षं रात्रभर चाले. रमणबागेत कांबळी, थर्मास आणि पेंगणारी मुलं घेऊन लोक पहाटेपर्यंत बसत. पीएमटीची शेवटची बस गेली की माणूस पहिली बस येईपर्यंत भारतीय संगीताच्या स्वाधीन असे. पुढे ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहाची रेघ ओढली आणि मध्यरात्रीनंतरचे राग बेकार झाले. दहा वाजता माणूस रिक्षा बघायला उठतो, गायकाला ते मंचावरून दिसतं, आणि विलंबित आपोआप द्रुत होतं. तिकडे वैनगंगेकाठच्या झाडीपट्टीत नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होऊन पहाटे संपतं, कारण प्रेक्षक बैलगाड्या जोडून लांबून यायचा आणि अंधारात जंगलातून परत जाणं हा पर्यायच नव्हता. नाटक लवकर संपवणं हा तिथे अन्याय ठरला असता. सकाळ होईपर्यंत तिसरं लावणीनृत्य आणि चौथा खून घातला गेला तो प्रवाशांच्या सोयीसाठी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला, की हा सगळा वेळेचं भान नसल्याचा प्रकार आहे, त्याला सिद्धांताचं नाव कशाला? याला उत्तर मोझरीत आहे. खंजिरीवर माणसं रात्ररात्र जागी ठेवणाऱ्या तुकडोजी महाराजांचं 1968 साली निधन झालं. त्यांच्या पुण्यतिथीला तिथल्या गुरुकुंज आश्रमात दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी मौन पाळतात. पाच वाजता नाही, पावणेपाचला नाही. लाखोंचा जमाव त्या मिनिटाला चिडीचूप होतो. जो विदर्भ 4:58 पाळतो त्याला घड्याळ कळत नाही असं म्हणता येणार नाही. त्याच महाराजांची भजनं म्हणणारी मंडळं गावच्या स्पर्धेत रात्री दोनला तिसरी चाल बदलत असतात, ती घड्याळ असूनच. दुसरा आक्षेप वजनदार आहे: भजन आणि दंडारी ही श्रद्धेची कामं, तिथे करमणुकीचा निकष लावू नये. मान्य, पण ग्रेटफुल डेडच्या भाविकांना कोणी बघितलं असतं तर त्याने हा भेद केला असता का? 1984 पासून बँडने ध्वनिमुद्रण करणाऱ्या चाहत्यांसाठी वेगळी जागा आणि वेगळी तिकिटं ठेवली. ते लोक ज्या एकाग्रतेने मायक्रोफोनचे दांडे उभे करून श्वास रोखून बसत, ती एकाग्रता भजन स्पर्धेत पहिल्या रांगेत मोबाइल उंच धरून बसलेल्या पोराकडे मला दिसते. श्रद्धा दोन्हीकडे, प्रसाद मात्र इकडेच. रोडगे आणि वांग्याची भाजी यांना फ्लोरिडात पर्याय निघालेला नाही.

सर्वात अवघड आक्षेप असा, की ग्रेटफुल डेडने शहरातल्या बंदिस्त सभागृहांतही गाणी अर्धा तास ताणली, आणि तिथून घरी जायला गाड्या होत्या. खरं आहे. पण त्यांच्या पक्क्या चाहत्यांना घर होतं कुठे? ते पार्किंगमध्ये आपापल्या खटाऱ्यांतच झोपत आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला निघत. ज्याला परत जायचंच नाही त्याला गाडी असून नसल्यासारखीच. सिद्धांताला तेवढी दुरुस्ती जोडून घ्यावी, तो मोडत नाही.

मोडलाच तर तो मोटरसायकलने मोडेल. झरी जामणीत आता दारोदार दुचाकी आहे, कारखान्याच्या पाळ्या आहेत, आणि सकाळच्या पाळीचा माणूस बाराच्या ठोक्याला खिशातून किल्ली काढतो. तो उठला की त्याच्यामागे बसून आलेले दोघंही उठतात, म्हणजे एका किल्लीने तीन श्रोते जातात. आयोजकांना यावर उपाय हवा असेल तर चांगला ध्वनिक्षेपक किंवा नामांकित कलावंत आणण्यात पैसे घालू नयेत. दुचाक्या लावायची जागा ठरवावी आणि तिच्या तोंडाशी यजमान गावाचे चार ट्रॅक्टर आडवे उभे करावेत. ट्रॅक्टरवाले पहिल्या रांगेत बसलेले असले म्हणजे झालं.