टायर मे महिन्यात पास होतो

ड्रॅग शर्यतीचे टायर लावून भर पावसात गाडी काढणारा माणूस ठार वेडा, याबद्दल शर्यतवाल्यांमध्ये दुमत नाही. पाव मैलाची म्हणजे 402 मीटरची सरळ पट्टी, दोन गाड्या, जी आधी पोचेल ती जिंकली, एवढाच हा खेळ. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरही अशा शर्यती झाल्या आहेत. जिवावर उदार झालेली ही मंडळी पावसाच्या बाबतीत मात्र कमालीची भित्री असतात. अमेरिकेत चार थेंब पडले की शर्यत थांबते, पट्टी वाळवणारी यंत्रं फिरतात, आणि पट्टी खडखडीत होईपर्यंत हजारो अश्वशक्तीचं इंजिन ताडपत्रीखाली गप्प बसतं. कारण त्या टायरवर नक्षी नसते. रबर मऊ, हवा अगदी कमी, आणि सुटण्याआधी चाक जागच्या जागी गरगरा फिरवून रबर तापवायचं, म्हणजे ते पट्टीला चिकटतं. कोरड्या पट्टीवर यापेक्षा पक्की पकड देणारा टायर नाही. ओल्या रस्त्यावर त्याच्यात आणि साबणाच्या वडीत फारसा फरक उरत नाही.

नाशिकमध्ये हे टायर आयात करावे लागत नाहीत. ते इथे घरच्या घरी तयार होतात. कोणताही साधा टायर घ्या, त्यावर चाळीस-पन्नास हजार किलोमीटर दामटा, आणि पंक्चरवाला ‘साहेब, गोटा झालाय’ म्हणाला की ‘अजून एक पावसाळा निघेल’ असं उत्तर द्या. झाला तुमचा शर्यतीचा टायर. ज्या शहरात सातपूरला सिएटचा कारखाना वर्षानुवर्षं टायरवर नक्षी उमटवतो, त्याच शहरात ती पुसून काढण्याचा गृहउद्योग इतक्या जोमाने चालावा, यात एक प्रकारचा औद्योगिक समतोल आहे. फक्त आपला माल जरा हलका पडतो. शर्यतीचा टायर मऊ असतो, आपला गोटा उन्हाने आणि वयाने कडक झालेला असतो. त्यामुळे शर्यतवाल्याचा धोका तेवढा आपण उचलला आहे. पकड तिकडेच राहिली.

इथे कुणीतरी म्हणणारच, की एवढा वाईट असता तर टायरने आधीच दगा दिला असता. सगळी मेख याच वाक्यात आहे. टायरवरच्या खाचा कोरड्या रस्त्यासाठी नसतातच. कोरड्यात जितकं रबर डांबराला टेकेल तितकं बरं, आणि खाचांनी उलट टेकणारं रबर कमी होतं. खाचांचं काम एकच, चाकाखालचं पाणी वाट काढून बाजूला फेकणं. फॉर्म्युला वनसाठी पिरेली पावसाचे वेगळे टायर बनवते. त्यातला मुसळधार पावसाचा एक टायर ताशी 300 किलोमीटरला सेकंदाला सुमारे 85 लिटर पाणी उडवतो, असं कंपनी सांगते. आपल्या गाडीच्या खाचा त्या मानाने पन्हळीएवढ्या, पण काम तेच. म्हणून गोटा टायर नोव्हेंबरात चालतो, मार्चमध्ये चालतो, आणि मे महिन्यात तर झकास चालतो. आठ महिने रोज परीक्षा आणि रोज पास. एवढ्या अनुभवानंतर मालकाला टायरबद्दल आत्मविश्वास वाटला तर त्याचं काय चुकलं? चूक इतकीच, की आठही महिने पेपर एकाच विषयाचा होता. दुसऱ्या विषयाचा पेपर जूनमधल्या पहिल्या सरीला येतो. तोही रस्त्यावर महिनोन्‌महिने साचलेलं तेल, धूळ आणि रबराचा चुरा कालवून तयार झालेल्या चिखलात. ‘पहिल्याच पावसात गाड्या घसरल्या’ ही बातमी दर वर्षी छापून येते आणि दर वर्षी त्यात पावसाला आरोपी केलं जातं.

‘आम्ही हळू चालवतो’ हा पुढचा बचाव. तो अर्धा खरा आहे, कारण द्वारका चौकात संध्याकाळी वेगाने चालवून दाखवणारा अजून जन्माला यायचा आहे. पण त्याच द्वारकेच्या डोक्यावरून उड्डाणपूल जातो, आणि खाली अर्धा तास अडकलेला माणूस वर चढला की त्याची भरपाई करतो. 1960 च्या दशकात नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या चाकांवर प्रयोग करून एक ढोबळ सूत्र मांडलं. पाणी खाचांच्या आवाक्याबाहेर साचलं असेल तर चाक कोणत्या वेगाला पाण्यावर तरंगू लागेल, हे मुख्यतः टायरमधल्या हवेवर ठरतं. टायरमध्ये 32 पाउंड हवा असेल तर हा वेग ताशी 94 किलोमीटरच्या आसपास निघतो. हवा 25 वर उतरली असेल, आणि ती बहुतेकांची उतरलेलीच असते, तर 83. ड्रॅगच्या टायरमध्ये 14 धरली तर अवघा 62. चाक तरंगलं की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही फक्त शोभेला उरतात. नव्या टायरच्या खाचा पुरेशा खोल असल्याने तेवढं पाणी साचायला मोठा पाऊस लागतो. गोट्याला खाचच नाही, त्याला पातळ थरही पुरतो. आता समृद्धी महामार्गावर कारला ताशी 120 ची मुभा आहे, आणि त्याचा इगतपुरीकडचा भाग अशा मुलखातून जातो जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. गणित वाचकांनी करावं. तरंगण्याइतका वेग नसला तरी सुटका नाही. झेब्रा क्रॉसिंगचा रंग, चेंबरचं लोखंडी झाकण आणि समोर अचानक थांबलेली रिक्षा यांना हॉर्नसाहेबांचं सूत्र लागत नाही.

खड्ड्यांचा मुद्दा टाळून चालणार नाही. रस्ते नीट नाहीत, डांबर पावसाआधी घातलं जातं आणि पावसाबरोबर निघून जातं, उतार चुकल्याने पाणी गटाराऐवजी रस्त्यावरच मुक्काम करतं. हे सगळं मान्य, आणि महापालिकेला यावर जितके शब्द सुनवावेत तितके थोडेच. पण रस्त्यावर पाणी साचतं म्हणून गुळगुळीत टायर चालेल, हे तर्कशास्त्र कोणत्या विद्यापीठातलं? पाणी साचणार हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, त्याला खाचांची गरज जास्त.

पैशांची अडचण मात्र खरी आहे. रिक्षा चालवून घर चालवणाऱ्याला चाकांचा खर्च जड जातो, आणि त्याला चेष्टेत ओढण्यात पुरुषार्थ नाही. सप्टेंबर 2025 मध्ये टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा. या अडचणीतून एक कारागिरीही जन्माला आली आहे. रस्त्याकडेला बसलेला माणूस तापलेल्या पात्याने गोटा टायरवर नव्याने नक्षी कोरून देतो. रबराची लांब काळी साल निघते, धूर होतो, आणि टायर पुन्हा तरुण दिसू लागतो. ट्रकच्या काही टायरांवर कोरण्यासाठी कंपनीनेच जादा रबर ठेवलेलं असतं, ती गोष्ट वेगळी. कार आणि दुचाकीच्या टायरवर असं कोरणं म्हणजे आतल्या धाग्यांवर जे काही रबर उरलंय, तेही पैसे देऊन काढून घेणं. पण गंगापूर रोडवर दिसणाऱ्या ज्या गाड्यांना अ‍ॅलॉय व्हील, निळे दिवे आणि काचा थरथरवणारं संगीत परवडतं, त्यांच्या मालकांनी रिक्षावाल्याच्या गरिबीआड लपू नये. यातले काही तर हौसेने जास्त रुंद टायर बसवतात. रुंद टायर दिसायला रुबाबदार, पण त्याला पुढ्यातलं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, त्यामुळे तो लवकर तरंगतो.

राहता राहिला कायदा. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत टायरच्या खाचांची किमान खोली ठरलेली आहे. दुचाकी-तिचाकीला 0.8 मिलिमीटर, कारसारख्या बाकीच्या वाहनांना 1.6. मोजपट्टी लागत नाही. टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा बारीक उंचवटा दिसतो. वरचं रबर त्या उंचवट्याच्या पातळीला आलं की टायरचा हिशेब संपला. हे पाहायला वाकावं लागतं. आपण वाकतो फक्त दसऱ्याला, टायरखाली लिंबू ठेवायला. नाक्यावरचा हवालदारही पीयूसी मागतो, विमा मागतो, पण चाकाकडे बघत नाही, कारण चाकाचा कागद नसतो. 2021 साली याच शहरात ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ मोहीम निघाली होती. टायरसाठी तशी काढली तर एक सोय आहे. पंपावर पाच मिनिटांसाठी दुसऱ्याचा टायर उसना मागता येत नाही.

हे होऊ शकतं, याचा दाखलाही आहे. 2023 मध्ये समृद्धीवर अपघात वाढल्यावर परिवहन खात्याने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली आणि घासलेल्या टायरच्या गाड्या माघारी पाठवल्या. माघारी म्हणजे कुठे? तर आपल्या शहरातल्या रस्त्यांवर. महामार्गाला नालायक ठरलेला टायर गावात चालतो, असा याचा अर्थ लोकांनी काढला तर त्यांना दोष देता येणार नाही. तसं पाहिलं तर नाशिककर पाणी मोजण्यात कच्चा नाही. गोदेला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला आहे की छातीला, हे अख्खं शहर तासातासाला एकमेकांना कळवतं. इंचाचा हिशेब ठेवणाऱ्या या शहराला दोन मिलिमीटर मोजणं जड जाऊ नये.

सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 ला आहे, पुढची स्नानंही पावसाळ्यातच आहेत, आणि त्या दिवसांत देशभरातल्या गाड्या त्र्यंबक रस्त्यावर आणि कसारा घाटात असतील. तपासणी करायची असेल तर प्रशासनाने ती त्या वर्षीच्या मे महिन्यातच करावी, जेव्हा प्रत्येक गोटा टायर मालकाला उत्तम वाटत असतो. तोवर वाचकांनी आपापल्या पार्किंगमध्ये जाऊन एकदा वाकून घ्यावं. स्टेपनीही बघावी. तीही बहुधा गोटाच निघेल.