होडीसाठी हवंय

नाशकात होडी बाळगायची तर पाण्यापेक्षा कापडातलं जास्त कळावं लागतं. गंगापूर धरणावर जाऊ ते मोजके रविवार सोडले, तर माझी फायबरची छोटी होडी वर्षभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन स्कूटरींच्या मध्ये उभी असते. वैशाखातलं ऊन, आषाढातला पाऊस आणि बारमाही कबुतरं, सगळं तिच्या अंगावर. झाकण हवंच होतं. तयार झाकणांचे भाव मुंबईच्या यॉटवाल्यांच्या खिशाला शोभणारे, तेव्हा आपणच शिवू म्हटलं.

जुन्या नाशकातल्या ताडपत्रीच्या दुकानात शेठनी न बघताच विचारलं, "द्राक्षाला का कांद्याला?"

"होडीला."

टेप खाली ठेवून त्यांनी चष्मा वर केला. "होडीत काय भरता?"

"माणसं."

"मग झाकता कशाला? माणसं भिजली तरी सडत नाहीत."

त्यांचं काही चुकलं नाही. या जिल्ह्यात झाकायच्या मुख्य वस्तू दोनच. द्राक्षाच्या आख्ख्या बागांवर लोक प्लॅस्टिक ओढतात, आणि लासलगावच्या वाटेवर ताडपत्रीखालून कांद्याचा वास येतो. होडीवाला म्हणून मला पत कशी असणार? मी चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळचं नाव घेतलं. टँकरची सवय असलेल्या मुलखातला हा मुलगा सैन्यात जाऊन वल्हं मारायला शिकला आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या होडीच्या शर्यतीत तेरावा आला. शेठ खूश झाले. पण भाव कमी केला नाही.

निळं प्लॅस्टिक स्वस्त पडतं. मात्र त्याच्या आत वाफ धरते, होडीला बुरशी येते, आणि उन्हाने त्याच्या चिंध्या होऊन त्या शेजाऱ्यांच्या तुळशीत जातात. सुती कॅनव्हासमधून हवा खेळते. शिवाय भिजला की त्याचे धागे फुगतात आणि विणीतली भोकं आपोआप बुजतात. अडचण एवढीच की पहिल्या पाण्यात तो आटतो. कापण्याआधी भिजवून वाळवावा लागतो, आणि आख्खा तागा वाळवायला गच्ची लागते. हे काम मी पापडांच्या हंगामात काढलं. सोसायटीतल्या समस्त वहिनींनी ते ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर होडीला लागली असती तर ती उभ्या जागी बुडाली असती.

माप घ्यायला आईचं जुनं नऊवार उपयोगी पडलं. ते होडीवर पसरायचं, कडेने खडू ओढायचा, टोकाशी चिमटे घ्यायचे. "लुगडं नेसवतोयस का तिला?" आईने विचारलं. पण मशीन तिचंच, पायाचं, त्यामुळे उलट बोलायची सोय नव्हती. शर्टाला चौदा नंबरची सुई पुरते, कॅनव्हासला अठरा नंबरची लागते. कोपऱ्यावर कापडाचे थर चढले की पाय सोडून द्यायचा आणि चाक हाताने फिरवत एकेक टाका घालायचा. घाई केली की सुई मोडते, आणि सुई मोडली की आई पलीकडच्या खोलीतून फक्त "हं" म्हणते. त्या "हं"मध्ये माझ्या सगळ्या झबल्यांचा हिशेब असतो.

दोऱ्यावरून घरात दोन तट पडले. सुती दोरा भिजून फुगतो आणि सुईची भोकं बुजवतो, पण उन्हात लवकर कुजतो. पॉलिएस्टर टिकतो, पण भोकं उघडीच. मी पॉलिएस्टर वापरून शिवणीवर मेण घासलं. बायकोच्या मते कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेवढ्या वेळात माझ्या दोन बाजू जोडून झाल्या असत्या तरी पुष्कळ.

खरी मेख पावसाच्या पाण्याची आहे. झाकण मधे जरा झोळलं की तिथे तळं साठतं. दोन मीटर लांब, मीटरभर रुंद आणि दहा सेंटिमीटर खोल एवढं तळं म्हणजे दोनशे लिटर, म्हणजे दोनशे किलो. हा हिशेब मी पार्किंगमध्ये मोठ्याने केला आणि चेअरमनसाहेबांनी तो ऐकला. पार्किंगच्या नियमात दोनशे किलोचं तळं बसत नाही, असं त्यांनी लेखी कळवलं. उपाय सोपा असतो: मधोमध आडवा बांबू घालायचा, म्हणजे दोन्हीकडे उतार. बांबू घरात होताच, गुढीचा. पुढच्या पाडव्याला तो काढून द्यायच्या अटीवर मिळाला.

मालवणच्या मावसभावाला फोटो पाठवला. तिकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढायच्या आणि माडाच्या झावळ्यांचे झाप टाकून मोकळं व्हायचं, ही त्याच्या लहानपणापासूनची रीत. "शिवलास?" एवढंच त्याने लिहिलं. प्रश्नचिन्हं मात्र चार होती.

झाकण बसलं, फार छान बसलं. रिंगांतून दोरी ओवली, गाठी मारल्या, सोसायटीतली पोरं बघून गेली. होडीवर बसायला आजवर कोणी मागितलं नव्हतं, झाकण मात्र सगळ्यांना हवं झालं. गणेश मंडळाने मंडपासाठी विचारलं, तिसऱ्या मजल्यावरच्यांनी कारसाठी.

आणि एप्रिलच्या एका संध्याकाळी निफाडहून मेहुण्याचा फोन आला. आभाळ काळं झालेलं, उन्हाळ कांदा काढून उघड्यावर पडलेला. "दाजी, ते तुमचं होडीचं..." पुढचं वाक्य गडगडाटात गेलं. तासाभरात टेम्पो दारात. बांबूसकट सगळं गेलं.

रात्री इकडेही पाऊस झाला. सकाळी मी प्लॅस्टिकच्या मगाने होडीतलं पाणी उपसत होतो, तेवढ्यात पुन्हा फोन.

"दाजी, एक नंबर काम! थेंब आत नाही. फक्त पुढच्या वेळी तेवढं टोक काढू नका. टोकात कांदा बसत नाही."